ताई, त्या चिठ्ठीसाठी थँक्यू

ताई,

काल मेल आला, गणिताला ॲडमिशन मिळाली. तुला फोन केला तेव्हा नुसतं रडूच येत होतं, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

तुझ्याकडे यायच्या आधी मी कुठे कुठे डोकं आपटून आले ते तुला माहितीये. एक सर म्हणाले, गणितात वाचायचं काय असतं, गणितं सोडवायची असतात. मग ते काउन्सेलर. फी आधी घेतली आणि सांगितलं की ॲप्लिकेशनमध्ये अवांतर वाचन दिसलं पाहिजे, सात-आठ पुस्तकांची नावं टाक, 'लहानपणापासून गणिताची आवड' हे पहिलं वाक्य ठेव. मी टाकली की नावं! त्यातली तीन अर्धवट सोडलेली, एकाचं तर फक्त कव्हर बघितलेलं. ड्राफ्ट बघून ते म्हणाले एकदम स्ट्राँग आहे. वाचला असला तर.

तू वाचलास आणि बराच वेळ काही बोललीच नाहीस, मग हार्डी या गणितज्ञाच्या नावावर बोट ठेवून विचारलंस, हे तरी खरंच वाचलंयस ना? ते वाचलं होतं गं. १९४० सालचं 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी', छोटंसंच आहे, त्यात मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता आहे आणि २ चं वर्गमूळ अपरिमेय, म्हणजे अपूर्णांकात न मांडता येणारं, असल्याचीही. तू म्हणालीस, दे एक दिवस. गणित सुटून तुला किती वर्षं झाली, त्यात ऑफिस, घर, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं तर त्या वर्गमुळाच्या पानात चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली: "हेच ४ ला लावून बघ. कुठे फसतं? मी अडकलेय."

मी अडकलेय. माझ्याहून एवढी मोठी, एवढी शिकलेली माणसं, आणि तोपर्यंत हे कुणीच मला म्हणालं नव्हतं. सगळ्यांना सगळं येत होतं.

आणि ४ चं वर्गमूळ तर सरळ २, म्हणजे सिद्धता कुठेतरी मोडलीच पाहिजे, पण कुठे? मी ती दोनदा वाचून 'समजली' म्हणून पुढे गेले होते. मग आपण दोघी वही घेऊन बसलो आणि तासाभरानं सापडलं: सगळी सिद्धता यावर उभी आहे की वर्गाला २ नं भाग गेला तर ज्या संख्येचा वर्ग केला तिलाही जातो, पण ४ चं तसं नाही, २ च्या वर्गाला ४ नं भाग जातो, २ ला कुठे जातो? केवढीशी गोष्ट. त्या रात्री मी ३, ६, १० करत १२ पर्यंत गेले आणि १२ ला पुन्हा फसलं, कारण ३६ ला १२ नं भाग जातो, ६ ला नाही. पण १२ चं वर्गमूळ तर अपरिमेयच आहे, २ गुणिले ३ चं वर्गमूळ! म्हणजे सिद्धता मोडली तरी विधान खरं असू शकतं. मी तुला रात्री साडेअकराला मेसेज केला आणि तू जागी होतीस.

स्टेटमेंटमधून, म्हणजे ॲप्लिकेशनमध्ये स्वतःबद्दल लिहायचं असतं त्यातून, बाकीची सगळी नावं उडाली, एकच पुस्तक राहिलं आणि कुठे अडकले, काय करून बघितलं त्याच्या सहा-सात ओळी. काउन्सेलर म्हणाले, फार कमी वाटतंय. वाटू दे.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी त्या ओळींवरूनच सुरुवात केली, म्हणाल्या, मग १८ चं काय? मला पटकन सुचेना, आणि मी चक्क म्हणाले, थांबा, करून बघते. त्यांनी कागद पुढे सरकवला. ताई, हे वाक्य मला आधी कधी तोंडातून काढता आलं नसतं, शपथ. साधी सज्जन माणसं असतात ना, ती समोरच्याला लहान वाटूच देत नाहीत, आणि त्याची फीही घेत नाहीत (हे मुद्दाम लिहिलंय).

पुस्तक रविवारी आणून देते. चिठ्ठी मागू नकोस.

तुझीच,
रात्री साडेअकरावाली