काकूंच्या पुस्तिकेबद्दल

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेचा मसुदा मिळाला. आठ पानांतली पहिली दोन 'धर्मपरायण, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' यातच संपली. हे शब्द गुलमंडीवरच्या कुठल्याही आजीला चालतील. काकू कुठं गेल्या आणि कशा गेल्या, ते लिही. नातवंडांना तेच हवंय.

'काशी-रामेश्वर यात्रा केली' अशी एक ओळ टाकलीस, पण त्या एका ओळीत तीन फेऱ्या आहेत. आधी रामेश्वर. तिथली सेतूची वाळू घेऊन प्रयाग, ती त्रिवेणीत सोडायची, काशीची गंगा गडूत भरून घ्यायची, आणि ती पुन्हा रामेश्वराला नेऊन वाहायची. बरेच जण काशीहून परतले की मावंदं, म्हणजे यात्रा पूर्ण झाल्याचं जेवण, उरकून घेतात. काकूंनी दुसरं रामेश्वर होईपर्यंत घातलं नव्हतं. हे नीट लिहिलंस की पैठणच्या नाथांची कावड वाचणाऱ्याला आपोआप आठवेल, गाढवाला पाजलेल्या गंगेची गोष्ट पुन्हा सांगत बसू नकोस. प्रयागचं वेणीदान मात्र घाल. काकांनी स्वतः कातरीनं काकूंच्या वेणीचं दोन बोटं टोक कापलं होतं.

आणि मनमाड राहिलंच की! तेव्हा इथून मीटरगेजची लहान गाडी. मनमाडला सगळं बिऱ्हाड उतरवून मोठ्या गाडीत चढवायचं. मोठे रूळ आले नव्वदच्या दशकात. म्हणून काकूंचे नग कायम तीन: वळकटी, पत्र्याची ट्रंक, फराळाचा डबा. दोघांचे मिळून हात चार, त्यातला एक तिकिटासाठी मोकळा. चौथा नग घेतला की तो फलाटावर राहतो.

डब्यात काय असायचं, यावर तू एक शब्द लिहिला नाहीस, आणि खरी काकू तिथंच आहे. पहिल्या दोन दिवसांना दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दशम्या पूर्ण गार झाल्याशिवाय फडक्यात बांधायच्या नाहीत, वाफ कोंडली की दुसऱ्या दिवशी तार सुटते. धपाटे फक्त पहिल्या दिवसापुरते, त्यात दही असतं. त्यापुढं येसर, म्हणजे आमटीचं भाजकं पीठ. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो गहू, मूठभर धने, थोडे जिरे, मिरे, दोन-चार लवंगा, सुक्या मिरच्या. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण गव्हाला वेळ लागतो आणि तोवर डाळ करपते. दळायचंही गार झाल्यावरच, नाहीतर पिठाला घाम सुटतो आणि महिन्याभरात कुबट वास येतो. दोन मोठे चमचे येसर आधी गार पाण्यात कालवायचं, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात सोडायचं. थेट उकळत्यात टाकलं की गुठळ्या. बद्रीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर आहे. तिथं पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं साधी डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. येसर आधीच भाजलेलं, म्हणून धर्मशाळेतल्या स्टोव्हवर दहा मिनिटांत आमटी. प्रमाणासकट छाप. देवळांच्या यादीपेक्षा हे पान जास्त जपलं जाईल.

केदारनाथच्या पानावर अंतर १६ किलोमीटर टाकलंस, ते आत्ताचं. काकू गेल्या तेव्हा गौरीकुंडापासून १४ होतं आणि वाटेत रामबाडा लागायचा. २०१३च्या पुरात रामबाडा वाहून गेला, वाट बदलली, चाल वाढली. त्यांच्या फोटोमागं 'रामबाडा, चहा' लिहिलंय, तो फोटो घे.

'बारा ज्योतिर्लिंगं' हेही तपास. परळी आणि औंढा आपण आपली म्हणून मोजतो, उत्तरेकडचे लोक झारखंडमधलं देवघर आणि द्वारकेजवळचं नागेश्वर मोजतात. काकू वाद घालत बसल्या नाहीत, चारही ठिकाणी जाऊन आल्या. म्हणजे १४ ठिकाणं होतात. वेरूळचं घृष्णेश्वर तर वर्षातून चारदा. तिथं पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगानं जावं लागतं, म्हणून काकांचा सदरा, बनियन, चष्म्याची डबी, सगळं घडी करून काकूंच्या डाव्या हातावर, उजव्यात बेल. तो फोटो मुखपृष्ठाला चालेल. हार घातलेला नको.

आता तिकिटांचं. जाड पुठ्ठ्याची जुनी रेल्वेची तिकिटं दोऱ्यात ओवलेली आहेत. दोरा कापून काढ, ओढू नकोस, भोक फाटतं. एसटीच्या मशीनमधून निघालेली गुळगुळीत तिकिटं मात्र लॅमिनेट करायला देऊ नकोस! तो कागद उष्णतेनंच छापला जातो, लॅमिनेटरमधून बाहेर येईल तो पूर्ण काळा होऊन. आधीच फिकी पडलीत, लगेच स्कॅन कर. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखानं उचकटू नकोस. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढं सरकव. सुटत नसेल तर पान तसंच ६०० डीपीआयला स्कॅन कर. मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या चेहऱ्यावर वळ उठतो.

नवरात्रातलं पहाटेचं कर्णपुऱ्याच्या देवीचं दर्शन आणि शनिवारचा सुपारी हनुमान एका परिच्छेदात बसव. गावातलं सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटचं, देवघरातल्या गडूचं. त्यातली गंगा बाटल्यांत भरून वाटायची म्हणतोस. आधी गडू कानाजवळ हलवून बघ. भरलेला गडू फारसा वाजत नाही. डचमळला तर पाणी कमी झालंय, आणि झाकणाच्या कडेला कुठंतरी हिरवट रेघ दिसेल, गळती तिथलीच. घरी हातोडी-पेचकस लावू नकोस, तांबटाकडून झाकणाचा डाख, म्हणजे धातू वितळवून घातलेला जोड, सोडवून घे. उचलताना बुडाखाली हात दे, झाकणाला धरून उचललास तर डाख तिथंच सुटेल.

तुझा,
जुना मित्र