उत्तर भारत सहल : स्थानिक मार्गदर्शकाबाबत सूचना

सांगली येथील सर्व सहल-सभासदांना कळविण्यात येते की, गोवा एक्सप्रेसने आग्रा कँटोन्मेंटला उतरल्यावर स्थानकाबाहेर स्वतःहून पुढे येणाऱ्या कोणालाही सोबत घेऊ नये. पर्यटन खात्याचे ओळखपत्र असलेलाच मार्गदर्शक घ्यावा, आणि मानधन, भाषा व वेळ आधीच बोलून ठरवावी. गेल्या सहलीत एका अनोळखी माणसाने आम्हांला तासभर दुकानांतूनच फिरविले व किल्ला पाहायचा राहिला, याची खंत अजून वाटते.

ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, म्हणून तो दिवस आग्र्याचा किल्ला व फत्तेपूर सिक्रीसाठी राखला आहे. शिवाजी महाराज १६६६ साली औरंगजेबाच्या दरबारात गेले ते आग्र्यातच, आणि तो प्रसंग त्या शहरातील जाणत्या माणसाकडून जागेवर उभे राहून ऐकावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून किल्ल्यात घाई करू नये. वाराणसीत घाटांवर पहाटे नावेतून जायचे असल्याने नाव ठरविण्याचे कामही मार्गदर्शकावर सोपवावे.

ज्येष्ठ सभासदांनी आपली औषधे व मूळ आधारकार्ड हातातील पिशवीतच ठेवावे.

— सहल प्रमुख