सोलच्या थंडीतून आई-बाबांस

बुकचोन, सोल
२८ डिसेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी येथे सुखरूप आहे. फोनवर आजीला नीट ऐकू येत नाही आणि घाईत निम्मे सांगायचे राहून जाते, म्हणून आज मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. आजीला हे पत्र सावकाश वाचून दाखवा. देजॉनची आमची प्रयोगशाळा वर्षाअखेरीस बंद असते, म्हणून मी २० तारखेला आगगाडीने सोलला आले. दीड वर्ष दक्षिण कोरियात राहूनही मी ही राजधानी धड पाहिली नव्हती.

आई, तुझा पहिला प्रश्न थंडीचाच असणार. परवा पहाटे पारा उणे अकरावर होता. सैबेरियाकडून येणारा वारा अगदी कोरडा असतो, त्यामुळे आपल्या वाईच्या थंडीसारखा दवाचा ओलावा इथे कुठेच जाणवत नाही. ओठ फुटतात, कानाच्या पाळ्या दुखू लागतात आणि मफलरवर आपल्याच श्वासाचे बर्फ होते. इथे 'तीन दिवस थंड, चार दिवस उबदार' अशी जुनी म्हण आहे. माझ्या वाट्याला मात्र थंड दिवसच जास्त आले. तरी काळजी करू नकोस, कारण घरात पाऊल टाकताच जमीनच तुमची थंडी काढून घेते.

मी बुकचोनमधल्या एका जुन्या कौलारू घरात उतरले आहे. लाकडी खांब, कागदाने मढवलेली सरकती दारे आणि मध्ये लहानसे अंगण. खोलीत खाट नाही, खुर्ची नाही. जमिनीवर गादी घालून झोपायचे. ही जमीन आतून तापवलेली असते आणि या पद्धतीला ओंदोल म्हणतात. पूर्वी स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर सरळ वर न सोडता शेजारच्या खोलीच्या जमिनीखाली, दगडी फरशांच्या खालच्या बोगद्यांतून फिरवून पलीकडच्या धुराड्याने बाहेर काढत. एकाच लाकडावर भातही शिजे आणि खोलीही तापे. आता जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी खेळवतात, पण सवय तीच आहे.

घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. पहिल्याच रात्री त्यांनी मला खोलीतली एक जागा हाताने थोपटून दाखवली. चुलीला लागून असलेली ही बाजू सर्वांत गरम असायची. तिला आरेन्मोक म्हणतात आणि ती घरातल्या वडीलधाऱ्यांची किंवा पाहुण्यांची जागा. घरमालकीणबाईंचे वडील कामावरून उशिरा येत, तेव्हा बाईंची आई भाताचे झाकण लावलेले पितळी भांडे त्या जागी रजईखाली ठेवत असे आणि मुलांनी तिथे पाय पसरलेले तिला चालत नसत. हे ऐकताना मला आजीच्या चुलीचा वैल आठवला, जिथे बाबांच्या वाटणीची आमटी रात्री साडेनऊपर्यंत गरम राहत असे. मी त्यांना ते मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये सांगितले, तर त्यांनी माझ्याकडून 'वैल' हा शब्द तीन वेळा म्हणवून घेतला.

दुसऱ्या दिवशी ग्योंगबोकगुंग या मोठ्या राजवाड्यात गेले. हा राजवाडा मूळचा १३९५ सालचा. १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी तो जळाला, जवळजवळ पावणेतीनशे वर्षे ओसाड पडून राहिला आणि १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला. दरबाराच्या भव्य दालनापुढे सगळी गर्दी फोटो काढत होती. मी मात्र मागच्या बाजूच्या एका धुराड्यापाशी बराच वेळ उभी होते. राजमातेच्या महालातल्या ओंदोलचा धूर बाहेर सोडण्यासाठी ते बांधलेले आहे, पण दुरून पाहिले तर विटांची सुबक भिंतच वाटते. तिच्यावर पाइनचे झाड, हरणे, बगळ्यासारखे सारस, कासव अशी दीर्घायुष्याची दहा चिन्हे घडवली आहेत आणि माथ्यावर धूर निघायला दहा लहान तोंडे आहेत. घरातल्या म्हाताऱ्या बाईला ऊब मिळावी म्हणून केलेल्या सोयीतच तिला आयुष्य मागून घ्यावे, ही कल्पना मला फार आवडली.

बाबा, आता तुमच्यासाठी. या शहराभोवती मूळची १८.६ किलोमीटर लांबीची तटबंदी आहे. चार दिशांच्या चार डोंगरांच्या कण्यांवरून ती फिरवली आहे. १३९६ मध्ये सुमारे दोन लाख माणसांनी ती अवघ्या ९८ दिवसांत उभी केली. ४९ दिवस ऐन हिवाळ्यात आणि ४९ दिवस पावसाळा सरता सरता. पेरणी-कापणीचे दिवस सोडून काम काढायचे, म्हणून मुलखामुलखांतून शेतकऱ्यांना गोठवणाऱ्या थंडीत इथवर चालत यावे लागले. मी नाकसान डोंगरावरचा दोन किलोमीटरांचा भाग चालले. हातमोजे घालूनही माझी बोटे बधिर झाली होती, तेव्हा त्या माणसांनी उघड्या हातांनी दगड कसे रचले असतील, याचा विचार डोक्यातून जात नव्हता.

त्या तटात दगडच वर्षे सांगतात. तळाशी ओबडधोबड लहान दगड दिसले की ते पहिल्या बांधणीचे. मक्याच्या दाण्यांसारखे गोलसर दिसले की १४२२ च्या डागडुजीचे. हातभर चौकोनी दगड १७०४ नंतरचे आणि त्याहून मोठे, साठ सेंटिमीटरचे चिरे १८०० च्या सुमाराचे. तुम्ही अजिंक्यताऱ्यावर काठीने दाखवत असा, तसे मी स्वतःलाच दाखवत चालले होते. उतार संपतो तिथे पूर्वेचा मोठा दरवाजा, दोंगदेमुन आहे. सरळ चाल करून येणाऱ्याला दार थेट दिसू नये म्हणून त्याच्यापुढे अर्धगोल भिंत घातली आहे; आपल्या गडांच्या गोमुखी दरवाजांमागचा विचार तोच.

त्या दरवाजाजवळच तटात अक्षरे कोरलेले दगड आहेत. चिनी लिपीत तिथे गावाचे नाव, देखरेख करणाऱ्याचे नाव, मुख्य पाथरवटाचे नाव आणि महिना कोरलेला आहे. तटाचे तुकडे पाडून निरनिराळ्या मुलखांना वाटून दिले होते आणि आपला तुकडा ढासळला तर तो त्यांनीच पुन्हा बांधून द्यायचा, असा दंडक होता. म्हणजे ही नावे मानासाठी नव्हेत, जबाबदारीसाठी कोरलेली आहेत. पण आज राजांच्या नावांच्या बरोबरीने एका पाथरवटाचे नावही वाचता येते, ते त्यामुळेच. मी त्या अक्षरांच्या खाचांवर बोट ठेवले, तर ती बर्फासारखी गार लागली. या तटाचा बराच भाग जपानी अमलात पाडला गेला. पश्चिमेचा दरवाजा १९१५ मध्ये नाहीसा झाला, तो आजही नाही.

तिथे उभी असताना माझ्या फोनची बॅटरी थंडीने अचानक संपली आणि परतीची वाट कळेना. तटावर चालायला आलेल्या एका बाईंनी मला बसथांब्यापर्यंत सोडले आणि खिशातली गरम पुडी माझ्या हातात कोंबली. पुडीत लोखंडाची पूड, मीठ आणि कोळसा असतो. हवा लागताच लोखंड गंजू लागते आणि त्या गंजण्याचीच ऊब कित्येक तास टिकते. इथे हिवाळ्यात ती प्रत्येकाच्या खिशात असते.

आई, ग्वांगजांग बाजारात तू असायला हवी होतीस. हा बाजार १९०५ सालचा आहे. मधल्या बोळात ओळीने बाया बसलेल्या असतात आणि प्रत्येकीपुढे दगडी जाते. भिजवलेले मूग त्यात टाकतात, वरची पाळी फिरते आणि कडेने घट्ट पिवळसर पीठ ओघळते. खुंट्याच्या जागी आता वीज आली आहे, एवढाच फरक. त्या पिठात मोड आलेले मूग आणि किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, घालून भरपूर तेलात जाड धिरडी काढतात. मी मांस नसलेले मागितले. किमचीत खारवलेला जवळा असतो, हे मात्र तुमच्यापासून लपवत नाही. कडा कुरकुरीत, आतून मऊ, आणि सोबत व्हिनेगरमधला कांदा.

तिथे वाढणाऱ्या बाईंना सगळे 'इमो' अशी हाक मारत होते. इमो म्हणजे आईची बहीण, सख्खी मावशी. म्हणजे खाणावळीतल्या परक्या बाईला आपण जे म्हणतो, तेच. शेजारच्या बाकावरचे लहान मूल वडिलांना 'आप्पा, आप्पा' म्हणून हाका मारत होते. मी दचकून मागे वळून पाहिले.

२२ तारखेला इथे दोंगजी, म्हणजे सर्वांत मोठ्या रात्रीचा सण झाला. घरमालकीणबाईंनी लाल चवळीसारख्या बारीक कडधान्याची दाट पेज केली आणि तिच्यात तांदळाच्या उकडीच्या पांढऱ्या गोळ्या सोडल्या. लाल रंगाने इडापिडा पळते अशी समजूत आहे आणि जितके वय तितक्या गोळ्या खायच्या अशी रीत. माझ्या वाटीत त्यांनी मोजून सत्तावीस घातल्या. भोगीला अजून दोन आठवडे आहेत, तेव्हा बाजरीची भाकरी खाताना माझी आठवण काढा.

उद्या युद्धस्मारकाला जाणार आहे. बाबा, कोरियन युद्धात, १९५० च्या डिसेंबरात, आपल्या भारतीय लष्कराच्या ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स या वैद्यकीय तुकडीच्या जवानांनी प्योंगयांगहून माघार घेताना औषधे आणि उपकरणे टाकून द्यायला नकार दिला, एक वाफेचे इंजिन शोधले, बादल्यांनी त्यात पाणी भरले आणि सगळे सामान घेऊन दक्षिणेला आले. ही थंडी अंगावर घेतल्यावर मला ती गोष्ट वेगळीच कळली.

३ जानेवारीला मी देजॉनला परतेन. आजीला माझा नमस्कार सांगा आणि तिला विचारून एक गोष्ट नक्की कळवा. वैलाखाली वेगळा जाळ नसताना तो तापतो कसा आणि त्यातला धूर शेवटी कुठून निघतो, हे घरमालकीणबाईंनी मला दोनदा विचारले आहे आणि मला नीट सांगता आलेले नाही. जमल्यास आजीला चुलीचे चित्र काढून द्यायला सांगा, मी ते त्यांना पाठवीन.

तुमची लेक