विषय: नवी बॅटरीही उतरते आहे, उभ्या गाडीतला करंट तपासा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

"सर, तुमची तक्रार क्लोज दाखवते आहे," असं आज तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं. गाडी मात्र कांदिवलीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंद पडून आहे.

तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, एवढीच तक्रार. 35 अँपिअर-अवरची बॅटरी, तीही तुम्हीच विकलेली नवी. इंजिन चालू असताना एसी-हेडलाइट लावूनही टर्मिनलवर 14.2 व्होल्ट मिळतात, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत आहे. तरी तुमच्या कोटेशनमध्ये तोच बदलायला सांगितलाय!

उभ्या गाडीत किती करंट जातो ते मी असं मोजलं: बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबायचं, म्हणजे गाडीला ते बंद वाटतं, गाडी लॉक करायची, निगेटिव्ह केबलमध्ये 10 अँपिअरच्या रेंजवर मीटर सिरीजमध्ये लावून अर्धा तास थांबायचं. 0.05 अँपिअरपर्यंत चालतं. इथे 0.38 येतो, म्हणजे दिवसाला 9 अँपिअर-अवर. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज काढला की 0.03. सिस्टिम कंपनी फिटेड, बाहेरची एक वायरही जोडलेली नाही.

हे आकडे कागदावर लिहून काउंटरवर दिले. अ‍ॅडव्हायझरने कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. "सर, मुंबईच्या पावसाळ्यात असं होतंच." दमटपणाने अर्थिंगला गंज धरला तर सेल्फ जड फिरतो, उभ्या गाडीची बॅटरी त्याने उतरत नाही, असं मी सांगितलं. "मग रोज थोडी चालवत जा." मीटर लावा म्हटलं. "आमच्याकडे स्कॅनर आहे, त्यात एरर नाही." अहो, गाडी लॉक केल्यावरही म्युझिक युनिट झोपत नसेल, म्हणजे चालूच राहत असेल, तर ते स्वतःहून एरर नोंदवेलच असं नाही! शेवटी हसत म्हणाला, "मग फ्यूज काढूनच ठेवा ना." उद्या ब्रेक वाजायला लागले तर तेही काढून ठेवू का?

आधीची बॅटरी बाद ठरवली तीही टेस्टरच्या एका चिठ्ठीवर. टेस्ट केली तेव्हा ती 11.4 व्होल्टवर होती. उतरलेली बॅटरी आधी पूर्ण चार्ज करतात, मग भार देऊन तपासतात (लोड टेस्ट), हे तुमच्या वर्कशॉपला मी सांगायचं? त्या चिठ्ठीच्या जोरावर बॅटरी विकलीत आणि तीही आता उतरते आहे. या ब्रँडवर घरच्यांचा भरवसा होता. तो तुम्ही काउंटरवरच घालवलात.

म्युझिक युनिट वॉरंटीत बदला आणि विनाकारण विकलेल्या बॅटरीचे पैसे परत करा. आठवड्यात हालचाल दिसली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मीटरचे फोटो आणि तुमची चिठ्ठी जपून ठेवली आहे.

दुरुस्तीनंतर गाडी लॉक करून अर्ध्या तासाने किती करंट जातो, तो आकडा जॉब कार्डवर अँपिअरमध्ये लिहून हवा. 'चेक्ड ओके' चालणार नाही.

एक ग्राहक
कांदिवली, मुंबई