‘एसएमबी१ चालू करा’ हा इलाज नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारा जणांच्या एका कार्यालयात मी लिनक्स सर्व्हर सांभाळते. त्यावर सांबा हे फाइल वाटून देणारे सॉफ्टवेअर चालते, म्हणून विंडोजच्या संगणकांवरून सर्व्हरवरची फोल्डर्स सहज उघडतात. मध्यंतरी दोन संगणकांवर विंडोज ११चे २४एच२ अपडेट आले आणि ‘हिशेब’ फोल्डर उघडेना. मी रजेवर होते. बोलावलेल्या तंत्रज्ञाने दोन्हीकडे एसएमबी१ (नेटवर्कवरून फाइल उघडण्याची विंडोजची जुनी पद्धत) चालू केले, सर्व्हरची फायरवॉल बंद केली आणि फोल्डरला ७७७ परवानगी, म्हणजे कोणालाही काहीही करण्याची मुभा, देऊन ठेवली. तरी फोल्डर उघडले नाहीच!

मला याची मनापासून चीड आली. मे २०१७मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या एसएमबी१मधल्या त्रुटीतूनच. त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता, पण ज्यांनी तो टाकला नव्हता ते तावडीत सापडले. सांबाने तर ४.११ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९पासून, एसएमबी१ मुळातच बंद ठेवले आहे. आमचा सर्व्हर ते बोलतच नव्हता, मग संगणकावर ते चालू करून काय मिळणार होते?

खरा दोष आमच्याच जुन्या सवयीत होता. ते फोल्डर वर्षानुवर्षे गेस्ट म्हणून, पासवर्डशिवाय उघडत होते. नवे विंडोज प्रत्येक संदेशावर डिजिटल सही मागते आणि गेस्टला तशी सही करताच येत नाही. मी प्रत्येकाचे खाते तयार करून ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेने सांबाचा पासवर्ड दिला. लिनक्सचा पासवर्ड वेगळा आणि सांबाचा वेगळा, इथे भलेभले अडतात. एक संगणक तरीही हट्टाला पेटला होता, कारण जुने कनेक्शन जिवंत होते. विंडोजच्या ‘नेट यूज’ आज्ञेतून ते तोडल्यावर पासवर्डची खिडकी आली.

मग फाइल उघडू लागली, पण सेव्ह होईना. ७७७ काढून मी फोल्डर ७५५वर (फक्त मालकाला लिहिता येते) आणले होते आणि त्याची मालकी रूटकडे, म्हणजे लिनक्सच्या मुख्य खात्याकडे, होती. सांबाने लिहायला परवानगी दिली तरी खालच्या फाइल सिस्टिमने नाही म्हटले की नाहीच. दोन्हीकडून होकार लागतो. फोल्डर हिशेबाच्या गटाच्या नावे करून २७७० दिले, म्हणजे मालक आणि गट सोडून कोणालाच प्रवेश नाही; नव्या फाइलीही तेवढ्यांनाच वाचता-लिहिता याव्यात म्हणून सांबाचा क्रिएट मास्क ०६६० ठेवला. २७७०मधल्या सुरुवातीच्या २मुळे नवी फाइलही गटाच्याच नावावर राहते, नाहीतर एकाने केलेली फाइल दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही. ‘टेस्टपार्म’ चालवून सांबाचे सेटिंग तपासले, फायरवॉल चालू करून कार्यालयाच्या नेटवर्कपुरते सांबाचे ४४५ पोर्ट मोकळे ठेवले. या दुरुस्तीला सगळा मिळून दीड तास लागला.

तंत्रज्ञ मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: आधी सांबाचा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, उघडा. लॉगिन नाकारले गेले, की फोल्डरची परवानगी आड आली, हे बहुतेकदा तिथेच कळते. आणि काही तात्पुरते चालू-बंद केलेच, तर जाण्याआधी ते कागदावर लिहून ठेवा. आमच्याकडे काय काय बदलले होते ते शोधण्यातच त्याआधी माझी अख्खी सकाळ गेली.

आपली,
सर्व्हर सांभाळणारी एक वाचक