आषाढ-श्रावणात पाड्यावर काय बघायचं

चि. सोनू हिस,

अनेक आशीर्वाद.

अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून जव्हारला रुजू झालीस, तेही ऐन मृगात, म्हणून हे पत्र घाईने लिहिते आहे. तुझ्या बीटमधल्या, म्हणजे तुझ्या वाट्याला आलेल्या पाड्यांवर वर्षातला सगळ्यात ओढाताणीचा काळ आता सुरू होतो. नागली-वरई हाती येते ती दसऱ्या-दिवाळीला, आणि घरचं धान्य ज्येष्ठातच तळाला गेलेलं असतं. लावणी आहे तोवर मजुरी मिळते. ती आटोपली की श्रावण-भाद्रपदात हाताला काम नाही. १९९२ साली बालमृत्यूंनी महाराष्ट्राला हादरवणारं वावर-वांगणी तुझ्याच तालुक्यातलं. तेव्हापासून योजना पुष्कळ आल्या. त्या घरात पोचतात की कागदावरच राहतात, हे बघणं आता तुझ्याकडे आलं आहे.

पाड्यावर गेल्यावर “पोटभर जेवता का?” असं विचारू नकोस. होच म्हणतात, परक्या बाईसमोर नाही कोण म्हणेल? “काल रात्री काय शिजवलं?” इथून सुरू कर. तांदूळ किती घेतले, डाळ किती टाकली, तेल कधी आणलं, शेवटी कोण जेवलं आणि तेव्हा भांड्यात काय उरलं होतं. कालचंच विचार, कारण महिन्याचं विचारलं की माणूस अंदाजाने बोलतो. महिन्याचा प्रश्न एकच ठेव: किती वेळा उसनं आणलं? आणि हे सगळं बाईला एकटीला गाठून, पाणवठ्यावर किंवा वाटेत. सासू किंवा नवरा समोर असला की उत्तर बदलतं. घरातले डबे मात्र उघडून बघायचे नाहीत.

त्या घरांत चूल रोज पेटते, भातही शिजतो. कमी होत जातं ते बाकीचं, आणि त्याला बहुतेक ठरलेला क्रम असतो. आधी डाळ पातळ होते, आठवड्याचं तेल तीन आठवडे पुरवलं जातं. मग बाजारातली भाजी बंद होऊन टाकळा, कुर्डू, लोत, शेवळं येतात. सुकट मुठीची चिमटीवर येते, चहा कोरा होतो. मग दुकानदाराच्या वहीवर उधारी आणि शेजारणीकडून मापाला माप उसनवारी. त्यापुढे मोठ्यांची एक वेळ जाते, आणि ती आईची सगळ्यात आधी. कोऱ्या चहावर आणि मिशेरीवर ती दुपार काढते. नंतर कोंबड्या जातात, बोकड जातो. सगळ्यात शेवटी वीटभट्टीवाल्याचा बयाणा घेतला जातो.

पातळ डाळ, उधारी, उसनं हे हाताला काम मिळालं की भरून निघतं. बयाण्याचं तसं नाही. पावसाळ्यात उचललेल्या त्या पैशापायी दिवाळीनंतर अख्खं घर पोरांसकट भिवंडी-पनवेलकडच्या भट्टीवर जातं आणि पाऊस तोंडावर आला की परततं. तिथे आठवड्याच्या खर्चीवर भागवायचं, बयाणा शेवटच्या हिशेबात वळता व्हायचा, आणि आधीच देणेकरी असलेलं माणूस विटांच्या भावासाठी घासाघीस करू शकत नाही. म्हणून तुझी नजर डाळीवर आणि तेलावर हवी. घसरण तिथे पकडलीस तर काही करायला महिना-दोन महिने हातात असतात.

या बायकांना खाण्यातलं कळत नाही, असं कुणी बैठकीत म्हणालं तर खपवून घेऊ नकोस. कमी धान्य जास्त दिवसांवर कसं पसरायचं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. शेवळं काकडाच्या फळांबरोबर शिजवतात, नाहीतर घसा खाजतो. कडूकंदाच्या चकत्या राख घालून उकडतात आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. हे घाईत टाळलं की उलट्या होतात. घरात म्हातारं माणूस नसेल आणि सून नवी असेल तर कंद कसा केला ते जरूर विचार.

आता रेशन. इथे जरा वेळ घालव, कारण सगळ्यात मोठं भोक इथे असतं. प्राधान्य कार्डाच्या कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरिबांच्या कार्डाला, कुटुंबामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत. घरात सहा माणसं आहेत आणि कार्डावर चारच नावं आहेत, असं समज. म्हणजे २० किलो. भातावरच जगणाऱ्या अशा घराला, त्यातली दोन लहान मुलं धरूनही, महिन्याला ४५ किलोच्या आसपास धान्य लागतं. २० किलो तेरा-चौदा दिवसांत संपतात. उरलेली दोन नावं चढली तर आणखी आठवडाभर निघतो. कुठल्याही शिबिरापेक्षा हा आठवडा मोलाचा आहे.

राहून गेलेली ही नावं बहुतेक लहान बाळाचं आणि लग्न होऊन आलेल्या सुनेचं असतं. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला लागतो आणि त्यासाठी माहेरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेत खेटे घालायचे तर मजुरी बुडते, म्हणून ते राहतं. बाळाचा जन्मदाखला झाला की लगेच नावाचा अर्ज करायला लाव. कातकरी घरं दिसली तर कार्ड कोणतं आहे ते आधी बघ. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशाने कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना अंत्योदयमध्ये घ्यायचं आहे, तरी इष्टांक (कार्डांचा ठरलेला कोटा) संपला म्हणून त्यांना परत पाठवतात. तिथे तोंडी बोलण्यावर भागवू नकोस. लेखी अर्ज आणि त्याची पोच घ्यायला लाव. एक मात्र ध्यानात ठेव: आठ माणसांच्या घराला प्राधान्याचे ४० किलो मिळतात, अंत्योदयचे ३५. मोठ्या घरात आधी माणसं मोजायची, चुली वेगळ्या असतील तर कार्डं वेगळी मागायची, मग कार्डाच्या प्रकाराचं बोलायचं.

रेशन दुकानातल्या मशीनवर थंब, म्हणजे बोटाचा ठसा, लागत नाही ही दुसरी अडचण. विटा आणि राब यांनी बोटं झिजतात, म्हाताऱ्यांच्या रेषा पुसट होतात. हात धुऊन, कोरडे करून, दुसरी बोटं लावून बघायला सांग. तरी नाही झालं तर डोळ्यांचा स्कॅनर किंवा ओटीपी मागायचा. पाच आणि पंधरा वर्षांच्या वयात आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहिले की पोराची ई-केवायसी (कार्डासाठीची आधार-ओळख पडताळणी) अडते आणि नाव गळतं. पावतीवर किती किलो छापलं ते शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्यायची सवय लाव. कमी मापलं तर तक्रार १९६७ वर.

रेशनच्या तांदळात कधी काही दाणे पिवळसर, जरा वेगळे दिसतात. बायका त्यांना प्लास्टिकचा तांदूळ समजून वेचून टाकतात. ते पोषक दाणे आहेत, लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले, शंभर दाण्यांमागे साधारण एक. वेचायचे नाहीत आणि भाताची पेज ओतून द्यायची नाही. हे अंगणवाडी सेविकेने मूठभर तांदूळ ताटात पसरून दाखवावं, भाषणाने पटत नाही.

लहान मुलांचं सांगते. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाच्या पोटात पातळ पेज कितीही ओतली तरी पोट पाण्याने भरतं, बाळ हाडकतंच. चमचा उलटा केला तर पटकन गळणार नाही इतकं घट्ट हवं आणि त्यात एक चमचा तेल. एका चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात. तीन भाग भाजलेले तांदूळ किंवा नागली आणि एक भाग भाजलेली मूग वा उडीद डाळ दळून ठेवली की महिनाभर पीठ हाताशी असतं. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन वेळा, पुढे वर्षापर्यंत तीन-चार वेळा, शिवाय अंगावरचं दूध. घरी तेल नाही म्हणाली तर हा सल्ला तिथेच थांबव आणि आधी रेशन, उधारी याचं विचार.

टीएचआरचं, म्हणजे अंगणवाडीतून लहान बाळासाठी घरी द्यायच्या आहाराचं, पाकीट अख्खं घर खातं म्हणून आईला बोलू नकोस. चार भुकेली पोरं समोर असताना एकट्यालाच कोण भरवेल? मोठी तीन ते सहाची पोरं अंगणवाडीत गरम आहाराला आणि त्यावरची शाळेत येतील एवढं बघ, म्हणजे पाकीट धाकट्यासाठी उरतं. अमृत आहाराचंही, म्हणजे गरोदर बाईला अंगणवाडीत मिळणाऱ्या गरम जेवणाचंही, तसंच. गरोदर बाई डबा घरी नेते आणि तो वाटला जातो, म्हणून ताट तिथेच बसून जेवायला लाव. पैसे उशिरा आले की सेविका किराणा उधारीवर आणते आणि उधारी थकली की पहिलं अंडं बंद होतं. ज्या पाड्यावर अंडी बंद दिसतील तिथे सेविकेला नोटीस द्यायच्या आधी तिची वही बघ आणि थकलेली रक्कम प्रकल्प कार्यालयाला लेखी कळव.

दंडाचा घेर मोजायची पट्टी महिन्यातून एकदा तूच काही मुलांना लावून बघ. ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते मूल तीव्र कुपोषित. त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात गेलं पाहिजे. साडेअकरा ते साडेबारामधल्या मुलांच्या घरी वर सांगितलेला डाळ-तेलाचा प्रश्न आधी विचार, कारण श्रावणात खाली घसरतात ती हीच.

आणि दिवाळीच्या आत एक काम उरकून टाक. जी घरं भट्टीवर जाणार आहेत त्यांची यादी सेविकांकडून आत्तापासून करून घे. प्रत्येक घराच्या हाती एक चिठ्ठी दे: रेशन कार्डाचा बारा अंकी नंबर, मुलांची नावं, जन्मतारखा, शेवटचं वजन, राहिलेल्या लसी, गरोदर बाई असेल तर कितवा महिना. रेशन तिकडच्या कुठल्याही दुकानात थंब देऊन मिळतं, आणि म्हातारी माणसं गावात मागे राहिली तर त्यांच्या वाट्याचं इथे उचलता येतं, हे दोन्ही समजावून सांग. तिकडे सगळं एकदम उचललं तर मागच्यांना काही उरत नाही. घरोघरी ही गफलत होते. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप) स्थलांतराची नोंद टाक आणि ज्या गावच्या भट्टीवर जाणार तिथल्या सेविकेला फोन कर. भट्टी गावाबाहेर असते, बाळ स्वतःहून तिच्या अंगणवाडीत पोचणार नाही, तेव्हा टीएचआर तिनेच भट्टीवर न्यावं एवढं तिच्याकडून कबूल करून घे.

तुझी,
आई