लेल्ला लोंबार्दीच्या गाडीतली भेग दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काकांस,
सादर नमस्कार.

लेल्ला लोंबार्दी या इटालियन मोटारशर्यतपटूवर आमच्या भगिनी मंडळात माझे व्याख्यान झाले. त्याच्या तयारीत आपण जी मदत केलीत, तिचे आभार समोरासमोर मानण्याचा प्रयत्न मी केला होता; पण "अहो, त्यात काय एवढं" असे म्हणून आपण विषय नर्मदेच्या नळाच्या वेळेवर नेलात आणि ते राहूनच गेले. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे. लोकमान्य नगरातल्या आपल्या घराच्या अंगणात काय शिकायला मिळते, हे इंदूरच्या आणखी काही मराठी घरांना कळावे, असाही त्यात थोडा हेतू आहे.

मी आपल्याकडे आले तेव्हा लेल्लाच्या आयुष्यातील ठळक गोष्टी माझ्या हाती होत्या. १९४१ साली पिएमोंतेमधील फ्रुगारोलो या गावी तिचा जन्म झाला. वडिलांचे मांसविक्रीचे दुकान होते आणि त्या दुकानाची माल पोहोचवणारी गाडी चालवता चालवता तिचा हात बसला. १९७४ मध्ये ब्रँड्स हॅच येथे तिने ब्रॅबम बनावटीची गाडी घेऊन फॉर्म्युला वनमध्ये उतरण्याचा प्रयत्न केला, पण शर्यतीत जागा मिळाली नाही. १९७५ मध्ये 'मार्च' नावाच्या शर्यतसंघाकडून तिला पूर्ण हंगामाची संधी मिळाली आणि दक्षिण आफ्रिकेत ती शर्यतीच्या रांगेत उभी राहिली, तेव्हा १९५८ च्या मारिया तेरेसा दे फिलिपिस यांच्यानंतर त्या रांगेत आलेली ती पहिली स्त्री होती. त्याच वर्षी २७ एप्रिलला बार्सिलोनाच्या मोंजुईक रस्त्यांवर ती सहावी आली. फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत गुण मिळवणारी आजवरची ती एकमेव स्त्री आहे, आणि तो गुणही पुरता एक नाही, अर्धा आहे.

एवढ्यावर तासाभराचे व्याख्यान सहज झाले असते. "पहिली", "एकमेव" अशी विशेषणे लावली की टाळ्या मिळतात आणि बाईचे काम बाजूला राहते. स्त्रियांविषयीच्या पुष्कळशा व्याख्यानांत हेच होते, असे माझे मत आहे. मला अडवले होते ते एका वेगळ्याच हकिकतीने. मार्चची गाडी वळणावर मनासारखी वळत नाही, अशी तक्रार लेल्ला वारंवार करीत असे आणि संघात ती कोणी फारशी मनावर घेत नसे. १९७६ मध्ये ब्राझीलच्या शर्यतीनंतर तिच्या जागी रॉनी पीटरसन हा स्वीडिश चालक आला. वेगाच्या बाबतीत त्या काळी त्याच्याविषयी कोणाला शंका नव्हती. तो तिच्या गाडीत बसला आणि त्यानेही तीच तक्रार केली. मग मात्र गाडी खोलली गेली, आणि मागच्या बाजूच्या मॅग्नेशियमच्या ओतीव बल्कहेडला, म्हणजे सांगाड्यातील आडव्या भिंतीसारख्या भागाला, भेग गेलेली सापडली. ही हकिकत पुढे मार्चच्या गोटातूनच बाहेर आली.

माझा प्रश्न साधा होता: इतके मेकॅनिक रोज हात लावत असलेल्या गाडीतील भेग दिसू कशी शकत नाही? ती दिसत असून कोणी पाहिली नाही, की ती खरोखरच न दिसणारी होती? या दोहोंत फरक आहे, आणि व्यासपीठावरून एखाद्या संघाला दोष देण्यापूर्वी तो समजून घेणे मला आवश्यक वाटत होते. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, तपासण्यात आपली उभी नोकरी गेली, हे ठाऊक असल्यामुळे मी आपल्या दाराशी आले.

आपण उत्तर दिले नाहीत. आतून एका जुन्या स्कूटरच्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे झाकण आणून माझ्या हातात ठेवलेत आणि "यात भेग शोधा" म्हणालात. मी चष्मा पुसून, उन्हात धरून, नखाने चाचपून पाहिले. पृष्ठभाग अगदी धड होता. मग आपण तीन फवाऱ्यांचे डबे काढलेत. पहिल्यातील क्लीनरने झाकण स्वच्छ केलेत, दुसऱ्यातील लालभडक द्राव त्यावर मारलात आणि चहा होईपर्यंत ते तसेच ठेवलेत. त्यानंतर लाल रंग पुसताना आपण मला थांबवून दाखवलेत, की क्लीनर थेट झाकणावर मारायचा नाही, फडक्यावर घेऊन पुसायचे, नाहीतर भेगेच्या आत शिरलेला रंगही धुऊन निघतो आणि तपासणी फुकट जाते. झाकण पुन्हा कोरे दिसू लागले. शेवटी तिसऱ्या डब्यातील पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर आपण त्यावर दिलात आणि काही मिनिटांतच त्या पांढऱ्यावर, बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत, केसासारखी लाल रेघ उमटत गेली. माझ्या नखाला जे लागले नव्हते, ते तिथे होते.

पण त्याहूनही उपयोगी पडले ते आपण नंतर सांगितलेले. गाडी गॅरेजमध्ये जॅकवर उभी असते तेव्हा त्या भागावर भार नसतो आणि भेग मिटलेली असते. मापे घेतली तर सगळी बरोबर येतात. ती उघडते वळणावर, सस्पेन्शनचा भार आला की. मग मागची चाके ज्या कोनात असायला हवीत त्यातून किंचित हलतात, गाडीचा तोल बदलतो, आणि भार सरला की सगळे पुन्हा जागच्या जागी. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमच्या साधारण दोन-तृतीयांश वजनाचे, म्हणून शर्यतवाल्यांना प्रिय; पण ओतकामात एखादी बारीक पोकळी राहिली, तर थरथर आणि पुन्हा पुन्हा येणारा भार यांमुळे तिथून भेग चालू लागते. म्हणजे भेग उघडी असताना तिथे हजर असलेली व्यक्ती एकच, गाडी चालवणारी. "मशीन का हाल ऑपरेटर से पूछो, गेज से बाद में," हे आपल्या कारखान्यातले वाक्य आपण तेव्हा सहज बोलून गेलात. मी ते व्याख्यानात जसेच्या तसे, हिंदीतच वापरले. त्याबद्दल आपली हरकत नसावी.

त्या वाक्यामुळे व्याख्यानाचा सगळा रोखच बदलला. भेग गॅरेजात दिसण्याजोगी नव्हती, तेव्हा मेकॅनिकांना ती दिसली नाही यात नवल नाही. मात्र ती कळण्याचे जे एकच साधन होते, ते मोसमभर बोलत होते आणि त्याचे बोलणे चालवणारीच्या कुवतीच्या खात्यावर मांडले जात होते. हा दोष डोळ्यांचा नव्हे, हिशेबाचा आहे. असल्या गाडीतून ती जर्मनीत नुर्बुर्गरिंगला सातवी आली होती, हे सांगताना मग मला आवाज चढवावा लागला नाही.

अर्ध्या गुणाविषयीही आपण एक गोष्ट लक्षात आणून दिलीत. मोंजुईकची शर्यत ७५ फेऱ्यांची होती. रॉल्फ स्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटून ती कठड्यापलीकडे गेली, बाहेर उभे असलेले लोक त्यात दगावले आणि २९ व्या फेरीला शर्यत थांबवावी लागली. ठरलेले अंतर पुरे न झाल्याने सर्वांनाच निम्मे गुण मिळाले. लेल्ला तेव्हा आघाडीपासून दोन फेऱ्या मागे होती, हेही मी लपवले नाही. त्या शर्यतीआधी कठड्यांचे नट नीट आवळलेले नाहीत म्हणून चालकांनी सरावाला नकार दिला होता आणि संघांच्या मेकॅनिकांनी स्वतः पाने घेऊन ते आवळले होते, हे मी वाचून दाखवले तेव्हा आपण बराच वेळ काही बोलला नाहीत. नंतर विचारलेत, "त्या वर्षी आणखी कोणाला निम्मे गुण मिळाले का?" मी शोधले. मिळाले होते, लेल्लाच्याच संघातील विट्टोरियो ब्रांबिलाला, तो ऑस्ट्रियात पहिला आला तेव्हा, कारण पावसामुळे ती शर्यत २९ फेऱ्यांवरच थांबली. नऊऐवजी साडेचार गुण. त्याला कोणी अर्धा विजेता म्हणत नाही. आपण तो प्रश्न विचारला नसता, तर ही जोडी माझ्या नजरेस आली नसती.

व्याख्यानानंतरची चर्चा, अपेक्षेप्रमाणे, लवकरच यशवंतराव होळकर महाराजांच्या ड्यूसेनबर्गवर गेली. इंदुरात मोटारीचा विषय निघाला आणि ती गाडी आली नाही, असे मी अजून पाहिलेले नाही. पण या वेळी तिथून परतही आली. बडोद्याच्या मीरा एर्डा हिने कार्टिंगपासून फॉर्म्युला फोरपर्यंत मारलेली मजल एका बाईंना ठाऊक होती. दुसऱ्या एकीने पीथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान धावपट्टीविषयी विचारले, जी २०२१ मध्ये सुरू झाली. ती धावपट्टी शर्यतीसाठी नसून वाहनांच्या चाचणीसाठी आहे, आणि तिची वळणे आतल्या बाजूला अशी कलती बांधली आहेत की ठरावीक वेगाला स्टिअरिंग जवळजवळ धरावेच लागत नाही, हे आपल्याकडून ऐकलेले मी सांगितले. चाचणी चालकाचे काम म्हणजे मुख्यतः गाडीविषयी अचूक तक्रार करणे, हेही सांगितले. तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला आणि "मग आम्ही सगळ्या पात्र आहोत" असा आवाज आला.

आता एक विनंती. श्रोत्यांत पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकणारी एक मुलगी होती. लोखंडी भागांतील भेगा चुंबक आणि लोहकणांनी शोधतात, मग ती पद्धत लेल्लाच्या गाडीवर का चालली नसती, असे तिने विचारले. मॅग्नेशियम चुंबकाला दाद देत नाही, एवढे उत्तर मला देता आले. पण त्यापुढचे तिचे प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचे होते, आणि ते आपल्याला आवडतील अशी माझी खात्री आहे. तिला येत्या रविवारी संध्याकाळी आपल्याकडे घेऊन येण्याचे मी परस्पर कबूल केले आहे. रंगाचे डबे या वेळी आम्ही आणू, त्यांचे पैसे आपण मागील वेळेप्रमाणे नाकारू नयेत. वेळ सोयीची नसेल, तर काकूंकडून निरोप द्यावा.

आपली कृतज्ञ,
मागच्या गल्लीतील शेजारीण
लोकमान्य नगर, इंदूर